डावा डोळा, उजवा डोळा आणि मधली बाग

फोटोत बाग सपाट का होते? दीडशे वर्षांपूर्वीच्या फोटोग्राफर्सनी त्यावर काढलेला उपाय तुमच्या खिशातल्या मोबाइलवर आजही चालतो. आणि कधीकधी तो भलतंच काहीतरी दाखवून जातो.

हे वाचता वाचता एक काम करा. उजव्या हाताचा अंगठा नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. डावा डोळा मिटा. मग तो उघडून उजवा मिटा. आता पटापट, डावा-उजवा, डावा-उजवा. अंगठा उड्या मारतोय ना? मागची भिंत मात्र जवळपास जागच्या जागी आहे. शेजारी बसलेल्याला वाटेल, याला झालंय काय. वाटू द्या.

अंगठा हलत नाहीये, हे तुम्हालाही कळतंय. बदलतेय ती बघण्याची जागा. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारं चित्र थोडं थोडं वेगळं असतं. जवळच्या वस्तूत हा फरक जास्त, लांबच्या वस्तूत कमी. मेंदू हा फरक मोजतो आणि ठरवतो, अंगठा जवळ, भिंत लांब. दिवसभर, फुकटात, आपल्याला पत्ताही लागू न देता.

कॅमेऱ्याला मात्र डोळा एकच. आणि तिथंच सगळी गडबड होते.

बीबी का मकबरा तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. आमचीही सहल अशीच होती. वडवणीतून पहाटे अंधारात लाल डबा निघायचा. बीड, गेवराई, शहागडचा गोदावरीचा पूल, पाचोड. निम्मी पोरं तोवर उलट्या करून मोकळी झालेली. मग दौलताबाद, वेरूळ, पाणचक्की आणि शेवटी मकबरा. मोठ्या दरवाजातून आत पाऊल टाकलं आणि समोरचं पाहून मी खरंच थबकलो होतो. मधोमध लांबच लांब हौद, त्यातली कारंजी, दोन्हीकडून पळत गेलेली वाट, झाडांच्या रांगा आणि पार टोकाला तो पांढरा घुमट. आत चालत जावं असं वाटायला लावणारी जागा.

सरांनी तिथं आमचा ग्रुप फोटो काढला. तो अजून आहे माझ्याकडं. त्यात आम्ही चाळीसेक पोरं दात काढून उभी आहोत आणि मागं मकबरा असा दिसतोय, जसा जुन्या फोटो स्टुडिओत मागं टांगलेला रंगवलेला पडदा. हौद नाही, लांबी नाही, चालत जावं असं काहीच नाही. नुसता पडदा.

मकबऱ्याचं आवार उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २७५ मीटर आहे. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर सतराव्या शतकातली. इमारत नंतर बघा, आधी बाग बघा. चारबाग म्हणतात तिला, म्हणजे वाटांनी आणि पाण्याच्या पाटांनी चार भाग केलेली बाग. इथं प्रत्येक रांग, प्रत्येक कारंजं नजरेला हळूहळू पुढं ओढून नेण्यासाठी ठेवलेलं आहे. बाग करणारा माणूस झाडं लावतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो अंतरं लावतो. जवळ काय, मध्ये काय, लांब काय. आणि फोटो नेमकं तेच खाऊन टाकतो.

आता या गोष्टीचा फोटोग्राफीच्या जन्माशी संबंध कसा आहे ते बघा.

चार्ल्स व्हीटस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं एक निबंध मांडला. एकाच वस्तूची दोन चित्रं काढा, एक डाव्या डोळ्याला दिसतं तसं, एक उजव्या. आरशांच्या मदतीनं प्रत्येक डोळ्याला त्याचं त्याचं चित्र दाखवा. कागदावरची वस्तू उठून उभी राहते. त्या यंत्राला त्यानं नाव दिलं स्टिरिओस्कोप. गंमत म्हणजे तेव्हा फोटोग्राफी जगापुढं आलेलीच नव्हती. ती जाहीर झाली १८३९ मध्ये. म्हणजे थ्रीडी आधी आलं, फोटो नंतर! व्हीटस्टननं सुरुवात केली ती रेघांच्या साध्या आकृत्यांवर.

पुढं डेव्हिड ब्रूस्टरनं आरशांऐवजी भिंगं वापरून हातात मावेल असा डबा बनवला. हा तोच ब्रूस्टर, ज्यानं कॅलिडोस्कोप शोधला. जत्रेतला तो पुठ्ठ्याचा, काचेच्या रंगीत तुकड्यांचा नळा आठवतोय ना? त्याचा बाप. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीनं हा डबा डोळ्याला लावला आणि नंतर सगळ्यांनाच तो हवासा झाला. १८५४ मध्ये लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी निघाली. स्टिरिओस्कोपशिवाय घर नसावं, असा त्यांच्या जाहिरातीचा सूर. आज घरोघरी टीव्ही आहे तसंच तेव्हा तिकडच्या दिवाणखान्यात हे यंत्र असायचं.

यात काय पाहायचे लोक? डोंगर, चर्च, पुतळे. आणि बागा, भरपूर बागा. राजवाड्यांच्या, कारंज्यांच्या, काचघरांच्या. याला कारण नुसती हौस नव्हती, तांत्रिक अडचणही होती.

त्या काळी फोटो घेत काचेवर. काचेच्या पट्टीवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, अंधारात ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊनही काढायची. हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. म्हणून फोटोग्राफर सोबत अंधारा तंबू घेऊन फिरायचा. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचं काय होत असेल याची कल्पना करा.

पण बागेच्या बाबतीत खरा घोळ वेगळाच होता. या काचेला निळा उजेड चांगला कळायचा, हिरवा जवळजवळ कळायचाच नाही. त्यामुळे आकाश पांढरंफटक आणि झाडं काळीठिक्कर. सुंदर बागेचा फोटो काढावा तर हाती यायचा काळा गोळा. कुठलं पान पुढचं, कुठलं मागचं, सगळं एकमेकांत मिसळलेलं. तोच गोळा स्टिरिओस्कोपमध्ये बघितला की मात्र सुटा व्हायचा. फांदीपासून फांदी वेगळी, पानापासून पान वेगळं, मधून आरपार दिसणारी वाट. रंग नाही, उजेड धड नाही, तरी बाग परत यायची. सपाट फोटोनं जे खाल्लं होतं ते दुसरा डोळा ओकायला लावायचा, असं म्हणा.

त्यातही भानगडी होत्याच. सुरुवातीला कॅमेरा एकच असायचा. एक फोटो घेतला की तो पट्टीवर थोडा सरकवायचा, मग दुसरा. तेवढ्यात वारा आला की पानं हलली, माळी चालत गेला की एका चित्रात माळी आणि दुसऱ्यात नुसती वाट. मग दोन भिंगांचे कॅमेरे आले. त्यांनाही एक खोड होती. छापताना डावं चित्र उजवीकडं आणि उजवं डावीकडं यायचं. ते कापून, जागा बदलून, पुठ्ठ्यावर चिकटवावं लागायचं. चुकून तसंच राहिलं तर सगळं उलटं दिसे, लांबचा डोंगर पुढं आणि समोरचं झुडूप त्याच्या मागं!

हे सगळं सातासमुद्रापार चाललं होतं असं समजू नका. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. तिच्या सुरुवातीच्या सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी पेशानं डॉक्टर आणि शिवाय चांगले फोटोग्राफर. त्याच दशकात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला होता. म्हणजे तुमच्याच वयाची पोरं तेव्हा मुंबईत काचा धूत, बोटं काळी करत बसली होती. भायखळ्याची राणीची बाग लोकांसाठी उघडली ती १८६२ मध्ये. आज त्याच आवारातल्या संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव आहे.

इकडं आपला बीड जिल्हा निजामाच्या मुलखात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारचे फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. निजामाच्या मुलखातल्या वास्तूंचे त्यांनी काढलेले फोटो बघाच. एका डोळ्याच्या कॅमेऱ्यातून खोली कशी आणायची हे त्यांना माहीत होतं. पुढं एखादी कमान, मध्ये माणूस, मागं इमारत. माझ्या मते त्यांच्या तोडीचं फार थोड्यांना जमलं.

दोन डोळ्यांनी भारत विकला तो मात्र अमेरिकेच्या अंडरवूड अँड अंडरवूड कंपनीनं. त्यांचा माणूस जेम्स रिकल्टन. शाळामास्तर होता. एडिसननं त्याला १८८८ मध्ये बल्बच्या तारेसाठी योग्य बांबू शोधायला पूर्वेकडं पाठवलं होतं. पुढं तो फोटोग्राफर म्हणून जगभर हिंडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा भारताचा संच निघाला. १०० कार्डं, सोबत जाडजूड पुस्तक आणि नकाशे. नकाशावर लाल रेघांनी दाखवलेलं, तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात आणि तुम्हाला इथून इथपर्यंत दिसतंय. गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूची खापरपणजीच की ही! अमेरिकेतलं एखादं कुटुंब संध्याकाळी शेकोटीशी बसून ताजमहालाच्या बागेत उभं राहायचं.

पुस्तकाचा सूर साहेबी आहे. आपली माणसं त्यात बऱ्याचदा तमाशातली पात्रं असावीत तशी येतात, आणि ते वाचताना राग येतो. पण कार्डांची गोष्ट वेगळी. आज ताजसमोर आपण पाहतो त्या मोकळ्या, सपाट हिरवळी बऱ्याचशा लॉर्ड कर्झनच्या काळातल्या, म्हणजे १८९९ ते १९०५ च्या दरम्यानच्या. त्याआधीच्या फोटोंत तिथं दाट झाडी दिसते. ती बाग आता नाही. ती कशी होती, झाडांच्या आडून ताज किती किती दिसायचा, हे जुन्या जोडचित्रात अजून शिल्लक आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर अशी हजारो स्टिरिओ कार्डं फुकट बघता येतात. रील्स बघून अंगठा दुखला की तिकडं एक चक्कर मारा.

आता तुमची पाळी. खर्च शून्य.

समोर काहीतरी जवळ, काहीतरी मध्यावर, काहीतरी लांब असेल अशी जागा निवडा. सगळ्यात जवळची वस्तू दोनेक मीटरवर असू द्या. पाय थोडे फाकवून उभे राहा. शरीराचा भार डाव्या पायावर, क्लिक. आता भार उजव्या पायावर, पुन्हा क्लिक. मोबाइल वळवायचा नाही, वर-खाली करायचा नाही, फक्त बाजूला सरकवायचा, चार बोटांच्या रुंदीएवढा. कोणत्याही कोलाज अॅपमध्ये डावा फोटो डावीकडं, उजवा उजवीकडं लावा. बाहेरून विकत आणायचंच असेल तर मोबाइल घालून बघायचा पुठ्ठ्याचा व्हीआर डबा आणा, त्यात काम सोपं होतं. नाहीतर मोबाइल उभा धरून नाकाजवळ आणा, स्क्रीनच्या पार मागं लांब काहीतरी बघताय असं डोळे सैल सोडा आणि हळूहळू मोबाइल लांब न्या. दोनाची तीन चित्रं होतील. मधलं बघा. पहिल्यांदा जमणार नाही. दहाव्यांदा जमेल, आणि जमलं की तोंडातून जे काही निघेल ते घरच्यांसमोर निघू देऊ नका.

मला स्वतःला हा नाद लागला तो ब्रायन मेमुळे. क्वीन बँडचा गिटारवाला. हो, तोच बँड, ज्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. ब्रायन मे खगोलशास्त्रातला डॉक्टरेटही आहे आणि स्टिरिओ कार्डांचा पक्का वेडा. टी. आर. विल्यम्स नावाच्या फोटोग्राफरनं १८५० च्या दशकात एका साध्या इंग्रज खेड्याची स्टिरिओ मालिका काढली होती. घरं, कुंपणं, गवताच्या गंजी, दारापुढची झाडं, कामात गुंतलेली म्हातारी माणसं. गावाचं नावच दिलं नव्हतं. ब्रायन मेनं ती कार्डं वर्षानुवर्षं गोळा केली, गाव शोधून काढलं, हिंटन वॉल्ड्रिस्ट, आणि २००९ मध्ये एलेना विडाल यांच्यासोबत त्यावर पुस्तक केलं. ना राजवाडा, ना ताज. एक खेडं.

ते वाचलं आणि मी मोबाइल घेऊन आजीच्या अंगणात गेलो.

आजीची बाग म्हटलं की ती हसते. ‘कशाची बाग रे, चार झाडं हायती.’ पण मी नीट बघितलं तर ती चार झाडं अशीच लावलेली नव्हती. ओसरीवरून बघताना पुढं गोडेतेलाच्या डब्यांत सदाफुली, मग तुळशी वृंदावन, त्याच्या मागं गुलबक्षी, मोरीच्या पाण्यावर पोसलेली उंच कर्दळ, आणि सगळ्यात मागं मांडवावर चढलेली जाई. बुटकं पुढं, उंच मागं. कोणी शिकवलं तिला? दिवाळी झाली की जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं होतं, अंगण त्यातच जाणार होतं. म्हणून नवरात्रात मी त्या अंगणाच्या वीस-पंचवीस जोड्या काढून ठेवल्या.

पुठ्ठ्याच्या डब्यात मोबाइल घालून घरभर दाखवला. चुलतभाऊ ओरडला, काकू डब्यात हात घालायला निघाली. मग आजीच्या डोळ्याला लावला.

‘दिसतंय की. फोटो हाय.’

‘आजी, सदाफुली पुढं आल्यासारखी नाही वाटत?’

‘न्हाई बा. फोटोवानी फोटो.’

मला वाटलं डबा हलला असेल. नीट बसवला, पुन्हा तेच. मग सहज म्हणून मी डावीकडच्या भिंगावर हात धरला.

‘आता धुकं कशापायी केलंस?’

तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. किती दिवसांपासून, देव जाणे. डावा डोळा एकटाच सगळं ओढत होता, त्यामुळे तिला कळलं नव्हतं आणि आम्हाला तर नाहीच नाही. चहा ओतताना कपाच्या बाहेर जायचा, उंबऱ्याला ठेच लागायची, सुईत दोरा जायचा नाही. आम्ही काय म्हणायचो? आजी आता थकली. एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही, हे तुम्हाला लेखाच्या सुरुवातीलाच सांगितलं ना. मला ते पुस्तकातून माहीत होतं. घरात रोज डोळ्यासमोर घडत होतं ते दिसलं नव्हतं.

म्हणून एक सांगून ठेवतो. पाच-दहा वेळा प्रयत्न करूनही जोडचित्र उठून दिसत नसेल तर घाबरू नका, अनेकांना सवय व्हायला वेळ लागतो. पण एक-एक डोळा झाकून लांबची पाटी वाचून बघा. एका डोळ्याचा नंबर बराच वेगळा असू शकतो, लहानपणापासून एखादा डोळा आळशी असू शकतो, आणि दुसरा चांगला असला की हे वर्षानुवर्षं लपून राहतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं एकदा जाऊन या. घरातल्या म्हाताऱ्यांनाही न्या.

आजीचं ऑपरेशन झालं मार्गशीर्षात. डोळ्यावर हिरवी पट्टी, मग काळा चष्मा, महिनाभर थेंब. तोवर इकडं घर पाडून झालं होतं. जाईचा मांडव गेला, वृंदावन तेवढं उचलून शेजारच्यांच्या दारात ठेवलेलं. चष्मा निघाल्यावर एका दुपारी मी पुन्हा डबा तिच्या डोळ्याला लावला.

बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग तिचा हात हळूच पुढं आला आणि हवेत चाचपडला, काकूचा आला होता तसाच.

‘आरं, हे कर्दळीच्या मागं काय रोवलंय?’

मी डबा घेऊन बघितलं. कर्दळीच्या दांड्यांच्या मागं, जमिनीत तिरपी घुसलेली एक लाकडी मूठ. ती जोडी मी पन्नासदा बघितली असेल. सपाट फोटोत ती मूठ दांड्यांतलाच एक दांडा वाटत होती, आणि डब्यात मी कधी तिच्या मागं बघितलंच नव्हतं.

‘माझं खुरपं हाय ते!’ आजी म्हणाली. ‘पोळ्यापासून हुडकायले. शेजारच्या पोरानं नेलं म्हणून त्याच्या मायला बोलले मी. आता कुठं काढायचं? तिथं तर तुमी पाया खांदलाव.’